पान उलटेपर्यंत

चटईचं पत्र आलं तेव्हा मी ते दारातच उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि उद्या सावकाश उत्तर लिहू असं ठरवलं. तो उद्या पुढे सरकत राहिला. थंडी संपली, पंखे सुरू झाले, समोरच्या इमारतीला नवा रंग लागून तो वाळलासुद्धा, आणि मी शब्दकोश उघडायचं टाळू लागलो. साध्या किराणा यादीतल्या शब्दालाही एकदा शब्दकोश बघणारा माणूस मी. हिच्या लक्षात आलंच. "अहो, त्या पुस्तकात साप शिरलाय का," ही एकदा धूळ पुसता पुसता म्हणाली. मी म्हटलं, "नाही, पत्र आहे." "मग साप बरा. तो निदान निघून जातो," असं म्हणून तिने शब्दकोश पुसून जिथल्या तिथे ठेवला. पत्रात भ्यावं असं काहीच नव्हतं. एका जुन्या मित्राने मित्राला विचारलेला एक प्रश्न होता, आणि शेवटी 'तुला कळेल' असे दोन शब्द होते. मला त्या दोन शब्दांची भीती वाटत होती. मला कळतं याची मला आयुष्यात कधी खात्री वाटलेली नाही, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नसावी, असं आजवर वाटत होतं.

चटई हे अर्थात त्याचं खरं नाव नाही, आणि मला रजई म्हणतात तेही नव्हे. आम्ही दोघं मिळून गाणी करायचो. चाल त्याची, वाद्यं बसवायचं काम माझं. मी एका ओळीमागे व्हायोलिनं उभी करायचो, व्हायोलिनांखाली जाड आवाजाचा चेलो सरकवायचो, मग दोन ओळींच्या मधली जागा उघडी दिसते म्हणून तिथे बासरी, बासरी एकटी पडते म्हणून तिला सोबत म्हणून लहानशी घंटी. त्याला गळा आणि एखादी तार एवढं पुरायचं. वादक आत यायच्या आधी दारातूनच विचारायचे, "आज रजई की चटई?", कारण घरी जेवायला जायला मिळणार की नाही हे त्यावर ठरायचं. त्याला माझा राग यायचा, पण तो रागावण्यापेक्षा जास्त थट्टा करायचा. "अरे, गाणाऱ्याला श्वास घ्यायला तरी जागा ठेव. का त्याच्या नाकातही व्हायोलिन घालतोस?" तेव्हा मला सांगता आलं नसतं, पण आता, इतक्या वर्षांनी, रिकाम्या दुपारी बसून वाटतं की मी भरायचो ते भीतीपोटीच. लावलेला सूर बरोबर आहे की नाही, शंका यायची, म्हणून त्यावर दुसरा. दुसऱ्याची शंका यायची म्हणून तिसरा. लोक म्हणायचे किती श्रीमंत संगीत आहे. आतल्या आत मी थंडीत एकावर एक सदरे घालणाऱ्या माणसासारखा होतो, ज्याला बटणं लावता येत नाहीत.

आमच्यात मग एक पद्धत पडली होती. कुणी ठरवली आठवत नाही. बहुधा एका भांडणातून निघाली. मी माझे सगळे थर चढवून झाले की बाहेरच्या बोळात खुर्ची टाकून, खोलीकडे पाठ करून, पुस्तक वाचत बसायचो. दार उघडं. आत तो गाणं पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि गुपचूप एकेक थर बंद करत जायचा. एखादा थर गेल्यावर मी खुर्चीवरून उठलो, तर तो थर परत यायचा आणि त्यावर पुढे वाद नाही. मी न उठता पुस्तकाचं पान उलटलं, तर तो थर कायमचा गेला. बस्स. वादक गमतीने म्हणायचे, रजईचं वाचन एवढं कसं वाढलं ते बघा, प्रत्येक गाण्यामागे एक कादंबरी. खरंच मी त्या बोळात पुष्कळ वाचलं. खुर्चीचा एक पाय आखूड होता, भिंतीला ओल होती, पलीकडे जिन्यावरून कुणीतरी चढायचं, आणि माझ्या पाठीमागे माझं काम हळूहळू हलकं होत जायचं, जसं कुणी आपल्या खांद्यावरची पिशवी आपल्याला न विचारता घ्यावी. आमची जी गाणी लोकांच्या तोंडी बसली ती सगळी त्या बोळातून गेलेली आहेत. त्यांत माझं किती आणि त्याचं किती हे मला कधी सांगता आलं नाही. एक गोष्ट मात्र मी त्याला कधी बोललो नाही. कधीकधी एखादी बासरी गेलेली मला अगदी स्पष्ट कळायची. पाठीवर वारा लागल्यासारखं व्हायचं. तरी मी उठायचो नाही. स्वतःच्या बासरीसाठी उठून उभं राहायचं, आत जायचं, सगळ्यांनी वळून बघायचं, याची लाज वाटायची. मी पान उलटायचो.

पत्रात त्याने लिहिलं होतं: 'प्रिय रजई, सोबत एक गाणं पाठवतोय. चाल माझी, गळा माझाच, दुसरा परवडत नाही. गिटारही मीच वाजवली आहे, बोटं तेवढी अजून ऐकतात. आपल्या जुन्या गाण्यांचा संच निघतोय ते तुला कळलंच असेल. त्यात शेवटी हे घालावं म्हणतो, दोघांच्या नावाने. तू भर, किंवा आहे तसं ठेव. पण एक खरं सांग. हल्ली मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. दारावरची घंटी वाजते आणि मी बसून असतो. मुलीला वाटतं मुद्दाम उघडत नाही. तर हे गाणं मी मोकळं ठेवलंय ते मला तसं हवं होतं म्हणून, की मला ऐकू येत नाही म्हणून? मला कळत नाही. फोन करू नकोस, फोनवर मी नुसतं हो हो म्हणतो. तुला कळेल. चटई.' पाकिटात कागदात गुंडाळलेला एक पेन ड्राइव्ह होता, आणि कागदावर 'दुमडू नये' असं लिहिलेलं, हा त्याचा विनोद.

गाणं मी त्याच संध्याकाळी ऐकलं होतं. म्हातारा गळा, कडेने थोडा फाटलेला, आणि गिटारचे मोजकेच सूर, तेही जणू परवानगी विचारून येणारे. दोन ओळींच्या मध्ये एवढी जागा होती की तिथे खुर्ची टाकून बसता आलं असतं. मला ते आवडलं, आणि आवडल्याबरोबर शंका आली. हे धैर्य आहे की बहिरेपण, हे मलाही कळेना. माझे कान तरी कुठे तरुण आहेत. मग मी जे नेहमी केलं तेच केलं. माझ्या खोलीत टेबलावर संगणक आहे, लहानसा कीबोर्ड आहे, आणि त्या दोघांत मिळून जगातली सगळी वाद्यं आहेत; वादक बोलवायला नको, त्यांना चहा द्यायला नको, कुणी दारातून काही विचारत नाही. मी आधी एक चेलो टाकला. मग, प्रामाणिकपणे सांगतो, मला फार सुख झालं. सकाळी अंघोळ झाली की मी खोलीत जायचो. बाहेर लिफ्टचं दार लागायचं, खालच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन फिरायचं, रस्त्यावर बस थांब्याशी येऊन सुस्कारा टाकायची, आणि मी त्याच्या दोन ओळींमधल्या जागा बुजवत बसायचो. व्हायोलिनं आली. लाकडी सुरांचं काहीतरी आलं. वरून, फार वरून, घंट्या आल्या. दुपारी ही बशीतून फोडी आणून ठेवायची आणि पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या बघून म्हणायची, "विणकाम बरं चाललंय. कुणाला होणार आहे हा स्वेटर?" संध्याकाळी सगळं ऐकलं की गाणं सुंदर वाटायचं, आणि चटई त्यात कुठेतरी आत, गादीखाली राहून गेलेल्या चादरीसारखा. अडवायला कुणी नव्हतं. जन्मभर ज्याची हौस होती ती आता फुकट मिळत होती, आणि मला थांबायचं कुठे ते समजत नव्हतं. म्हणून उत्तर जात नव्हतं. मी लिहायला बसायचोही. लिहिलेल्या वाक्याला जोडून दुसरं, त्याला आधार म्हणून तिसरं, मग सगळं फाडून टाकायचो. "तुम्ही पत्रालासुद्धा व्हायोलिनं लावत बसलाय," ही म्हणाली. "संच निघायचा थांबलाय ना तुमच्यासाठी? तो बिचारा तिकडे घंटी न ऐकता दाराकडे बघत बसला असेल."

हे असंच चाललं असतं. एका रविवारी सकाळी आमची सून चष्म्याची डबी शोधत माझ्या खोलीत आली. सून दातांची डॉक्टर आहे. बोलते थोडं, पण नेमकं, आणि समोरच्याचं तोंड उघडं असल्यासारखं बोलते. मी त्या वेळी थर सगळे बंद ठेवून नुसतं मूळ गाणं लावलं होतं, अधूनमधून लावायचो. ती दारातच थांबली आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाबा, ते आधी बंद करा."

मला वाटलं गळा. वाईट वाटलं. म्हटलं, "म्हातारा झालाय गं तो."

"गाणं नाही हो. ती शिट्टी."

"कसली शिट्टी?"

"ही काय, वाजतेय की सारखी. बारीक. आमच्या क्लिनिकमधलं जुनं ड्रिल असंच करायचं. तुम्ही दिवसभर हे ऐकत बसता?" तिने माझ्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि तिचा आवाज एकदम पेशंटशी बोलावं तसा मऊ झाला. "बाबा, तुम्हाला नाही येत ऐकू?"

मी कान स्पीकरजवळ नेला. गिटारचे सूर होते, त्यांच्यामधली ती मोकळी जागा होती, स्वच्छ, पुसलेल्या फरशीसारखी. त्या जागेत काहीच नव्हतं. सुनेने हिला हाक मारली. ही येऊन उभी राहिली, लक्ष देऊन ऐकलं, म्हणाली, "मला तर काही नाही बाई. पण मला कुकरची शिट्टीही हल्ली मोजता येत नाही." दोघी हसल्या. मला हसू आलं नाही लगेच. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं, खाली जाड आवाज, वर बारीक. आणि अगदी वरच्या कडेला, गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक सरळ फिकट रेघ होती. ती मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. मला ती चौकटीची कड वाटली होती. मी त्या रेघेखाली महिनोन्‌महिने व्हायोलिनं मांडत बसलो होतो. त्याच्या टेबलावरचा दिवा असेल, नाही तर मुलीने आणून दिलेला चार्जर. काहीतरी क्षुल्लक त्याच्या माइकजवळ सतत किंचाळत होतं आणि तो डोळे मिटून गात होता. ज्याने जन्मभर माझे थर पुसले, त्याच्या सगळ्यांत मोकळ्या गाण्यावर एक थर राहून गेला होता, आणि तो त्याला ऐकू येत नव्हता, मला दिसून कळत नव्हता. मला एकदम इतकी माया आली त्याची की खुर्चीत नीट बसून घ्यावं लागलं. आणि त्याबरोबर, लाजत लाजत का होईना, बरंही वाटलं. आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. म्हणजे 'तुला कळेल' हे तो चुकीच्या माणसाला लिहून बसला होता, आणि चुकीचा माणूस असणं मला चांगलं जमतं.

ती रेघ काढायला फार वेळ लागला नाही. मी माउसने वरची कड थोडी थोडी कापत गेलो आणि सून डोळे बारीक करून ऐकत राहिली. "आहे. आहे. अजून आहे. थांबा. गेली." मला काहीच फरक कळला नाही. गेली असं ती म्हणाली म्हणून गेली. तिची डबी हिच्या पर्समध्ये सापडली होती, ती जायला निघाली, आणि मी, जो घरात मीठ मागतानाही दोनदा विचार करतो, तिला म्हणालो, "तुला जरा वेळ आहे का?"

"कशाला?"

"काही नाही. बटणं दाबायची आहेत."

मी तिला पद्धत समजावली. ती गंभीरपणे ऐकत होती. "म्हणजे तुम्ही उठलात तर परत लावायचं. पान उलटलंत तर पुसायचं. आणि नुसतेच बसून राहिलात तर?"

"वाट बघायची."

"आणि झोप लागली तर?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

आमच्याकडे बोळ नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ठेवली, माझ्या खोलीकडे पाठ केली, हाताला लागलं ते पुस्तक घेतलं; तो शब्दकोशच होता. मागे गाणं सुरू झालं, माझ्या सगळ्या लवाजम्यासकट. खाली रस्त्यावर एक माणूस सायकल ढकलत नेत होता, तिच्या चाकाला काहीतरी घासत होतं. समोरच्या नव्या रंगाच्या गॅलरीत कुणीतरी उशा उन्हात ठेवल्या होत्या. लाकडी सूर गेले. मी पान उलटलं. किती वर्षांनी पाठीला ते जाणवत होतं, मागे कुणीतरी आहे आणि माझं काम उतरवून ठेवतंय. व्हायोलिनं गेली, एकाच वेळी नव्हे, आधी वरची, मग खालची. सून कामाला नेटकी आहे. ज्यांच्यावर मी अख्खी थंडी घातली होती ती गेली, आणि मी पान उलटलं, आणि मला दुःख झालं नाही. घंट्या गेल्या असाव्यात. त्या मला तशाही ऐकू येत होत्या की मी नुसत्या पट्ट्या बघून मानून घेत होतो, कोण जाणे. चेलो गेला तेव्हा पाय जरा हलला. पण मी बसलो. आता चटईचा गळा अगदी जवळ आला होता, फाटक्या कडेसकट, आणि गिटार, आणि त्या मोकळ्या जागा. चांगलं होतं. झालं, मला वाटलं, एवढंच लिहायचं, की आहे तसं ठेव, तू जिंकलास. मी पान उलटायला बोट ओलं केलं. आणि त्याच क्षणी पाठीवर वारा लागला.

काय गेलं ते कळेना. गाणं तसंच चालू होतं. गळा होता, गिटार होती. पण दोन ओळींच्या मधल्या जागेत आतापर्यंत कुणीतरी बसलेलं होतं आणि ते उठून गेलं होतं. ती जागा अजूनही मोकळी होती, पण मघाशी ती कुणाच्या तरी घरातली मोकळी जागा होती, आता नुसती मोकळी होती. माझं बोट पानाच्या कोपऱ्यावर होतं. जुनी लाज जागेवर हजर होतीच. मागे सून थांबली होती, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. ही दारात येऊन बघत असणार. एवढंसं पान. ते उलटलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. मी त्या बोळातल्या बासऱ्यांचा विचार केला नाही, असं म्हणायला हवं, पण केला. मग मी उठलो. गुडघ्याने आवाज केला. शब्दकोश खाली पडला आणि त्यातून पत्र बाहेर आलं.

"काय बंद केलंस?" मी खोलीच्या दारात जाऊन विचारलं.

"त्याला नाव नव्हतं. बाकी सगळ्यांना तुम्ही नावं दिलीत, या पट्टीवर नुसतं टिंब आहे." तिने पट्टी दाखवली. "लावू परत?"

तिने ती एकटीच लावली. चेलो बसवायच्या आधी, सूर डोक्यात धरून ठेवायला म्हणून, मी माइक उघडून गुणगुणलो होतो. आम्ही नेहमी असं करायचो. गुणगुण खुणेपुरती, मागाहून पुसायची. पुसायची राहून गेली होती. ओठ मिटलेले, शब्द नाहीत, नुसता एका म्हाताऱ्याचा घशातला आवाज, चटईच्या ओळीमागून एक पाऊल राखून चाललेला, आणि त्याची ओळ संपली की त्या जागेत थोडा वेळ थांबून राहिलेला. मी गातो हे घरात कुणाला माहीत नव्हतं. मलाही फारसं नव्हतं. कानशिलं तापली. "ते चुकून राहिलंय," मी म्हणालो.

"पण तुम्ही उठलात," सून म्हणाली.

"स्वतःच्याच आवाजाला उठलो म्हणजे..."

"बाबा, नियम तुमचा आहे. उठलात तर राहतं, वाद नाही." तिने खुर्ची मागे सारली. "आता मी जाऊ? दुपारी एका रूट कॅनॉलला बोलवलंय."

हिने पत्र उचलून माझ्या हातात दिलं. नंतर, फोडींची बशी ठेवताना, एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं अंघोळीलासुद्धा कधी गुणगुणला नाहीत." त्यात तक्रार होती की काय ते मला कळलं नाही. मी तिच्यासमोर ते गाणं पुन्हा लावलं. तिने फोडी खात ऐकलं, आणि माझी गुणगुण आली तेव्हा बशीवरचा काटा न वाजवता बाजूला ठेवला.

उत्तर मी त्याच दुपारी लिहिलं, शब्दकोश न बघता, एका बाजूला मावेल एवढं. 'प्रिय चटई, तुझ्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शिट्टी होती. तुला ऐकू आली नाही, मलाही नाही, सुनेला आली. तिच्या शब्दावर ती काढली आहे. टेबलावरचा दिवा बदल. तुला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मला देता येत नाही, कारण माझेही कान तुझ्याच वयाचे आहेत. पण बोळात बसलो होतो. व्हायोलिनं, चेलो, घंट्या, सगळं गेलं आणि मी पानं उलटत राहिलो. म्हणजे गाणं मोकळंच बरं आहे. फक्त खाली एक गुणगुण आहे, ती गेली तेव्हा उठलो. ती माझी आहे. तू ती बंद करून बघ. मी इथे तुझ्याकडे पाठ करून बसलो आहे. रजई.' पुन्हा वाचलं तर आणखी दोन वाक्यं घालावीशी वाटली, म्हणून वाचलं नाही. पेन ड्राइव्हवर गाणं आणि गुणगुण वेगवेगळ्या पट्ट्यांत उतरवली आणि तो त्याच्याच कागदात गुंडाळला. 'दुमडू नये' तसंच राहू दिलं.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे, औषधाच्या दुकानाला लागून. जिन्याने उतरलो; लिफ्टमध्ये कुणी भेटलं असतं तर परतलो असतो. रस्ता उन्हाने रिकामा होता. पेटीच्या तोंडावरचं झाकण गंजून घट्ट झालंय, ते बोटाने वर धरावं लागतं. मी पाकीट आत सरकवलं, क्षणभर कोपरा धरून ठेवला, आणि सोडलं. तळाशी ते एकदाच वाजलं, हलकंसं, पत्र्यावर पेन ड्राइव्हची टकटक. मग झाकण पडलं. मी तिथे जरा वेळ उभा राहिलो, त्या आवाजाला आणखी काही जोडायचं नाही म्हणून. घराकडे वळल्यावर माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय, आणि औषधाच्या दुकानातला माणूस बघतोय. मी थांबलो नाही.